आइसलँडची सहल आणि ऋतूंचे गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलँडला जायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो थंडीचा. प्रत्यक्षात तिथल्या सहलीची आखणी तीन गोष्टींवर करावी लागते आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी उजेड, मग वारा आणि शेवटी तापमान. पुढील उत्तरे वाचताना हा क्रम ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबांच्या सुट्ट्या बहुधा उन्हाळ्याच्या, दिवाळीच्या किंवा नाताळच्या असतात, म्हणून त्या तीन काळांचा विचार वेगळा केला आहे.

आइसलँडमध्ये ऋतू किती आहेत?

जुन्या आइसलँडी पंचांगात वर्षाचे दोनच भाग आहेत, उन्हाळा आणि हिवाळा. उन्हाळ्याचा पहिला दिवस १९ ते २५ एप्रिल या आठवड्यातल्या गुरुवारी येतो आणि त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्या गुरुवारी बर्फ पडत असला तरी उन्हाळा सुरू झाला असेच मानले जाते. हिवाळा ऑक्टोबरच्या अखेरच्या दिवसांतील एका शनिवारी सुरू होतो. प्रवाशाला ही विभागणी आजही उपयोगी पडते, कारण ती थंडी-उष्म्यावर कमी आणि उजेडावर अधिक बसलेली आहे. वसंत आणि शरद हे मधले काळ तिथे फार लवकर सरतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाहिलेला देश आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पाहिलेला देश यांत ओळखू येण्याइतका फरक असतो.

थंडी किती असते? मुलांना आणि आपल्याला ती सोसवेल का?

नावातच बर्फ असल्याने भीती वाटते, पण रेक्याविक या राजधानीत जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असते आणि जुलैचे ११ ते १२ अंश. अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाहाची एक शाखा देशाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याजवळून जाते, म्हणून ६४ अंश अक्षांशावर असूनही तिथला हिवाळा तितका कडक होत नाही. जानेवारीत मनाली किंवा लेह पाहिलेल्या माणसाला आकड्यांत तरी नवे काही दिसणार नाही.

त्रास होतो तो दुसऱ्या कारणाने. शून्याच्या आसपासचे तापमान म्हणजे एका दिवसात पाऊस, गारा, ओला बर्फ आणि पुन्हा पाऊस. त्यात वारा जोडला की दोन अंशांची थंडी उणे पाचसारखी अंगाला लागते. उन्हाळ्याकडूनही मोठी अपेक्षा धरू नये. आइसलँडमधील आजवरचे सर्वोच्च अधिकृत तापमान ३०.५ अंश आहे आणि ते २२ जून १९३९ रोजी नोंदले गेले. १५ अंशांचा कोरडा, शांत दिवस मिळाला तर स्थानिक लोक तो उत्तम दिवस मानतात आणि कामे आटोपून बाहेर पडतात. लहान मुलांना ही हवा नीट सोसते. फक्त हातमोजे आणि पायमोजे कोरडे राहिले पाहिजेत.

दिवस किती मोठा असतो? आखणीत त्याला पहिला मान का?

२१ जूनच्या सुमारास रेक्याविकमध्ये सूर्य पहाटे तीनच्या थोडा आधी उगवतो आणि मध्यरात्र उलटताना मावळतो. मधल्या तीन तासांतही अंधार होत नाही. क्षितिजाजवळ केशरी उजेड राहतो आणि रस्त्यावर उभ्या-उभ्या वर्तमानपत्र वाचता येते. सूर्य मावळतच नाही असे पाहायचे असेल तर उत्तरेकडील ग्रिम्सी बेटावर जावे लागते, कारण आर्क्टिक वृत्त त्या बेटावरून जाते. उलट २१ डिसेंबरला रेक्याविकमध्ये सूर्य सकाळी सव्वाअकराच्या पुढे उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. त्या चार तासांतही तो क्षितिजापासून फार वर चढत नाही, त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात.

या आकड्यांचा आखणीशी थेट संबंध आहे. जूनमध्ये धबधबा पाहायला रात्री दहाला निघता येते आणि तेव्हा गर्दीही नसते. डिसेंबरमध्ये एका दिवसात दोन, फार तर तीन ठिकाणे होतात आणि उरलेला प्रवास अंधारात होतो. एकाच सात दिवसांच्या सहलीत जूनमध्ये जवळपास दीडशे तास उजेड मिळतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तीस तासही मिळत नाहीत. जूनचा मार्ग उचलून डिसेंबरच्या तारखांवर बसवणे ही प्रवाशांची सर्वांत मोठी चूक आहे आणि ती पुन्हा पुन्हा होताना दिसते.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. थिंगवेलिर येथे इ.स. ९३० पासून भरणारी देशाची लोकसभा, म्हणजे आल्थिंग, दर उन्हाळ्यात जूनच्या सुमारास बसत असे, कारण दूरच्या खोऱ्यांतून घोड्यांवर येणाऱ्या लोकांना वाट मोकळी आणि रात्र उजेडाची तेव्हाच मिळे. म्हणजे ऋतू पाहून प्रवास ठरवण्याची रीत त्या भूमीत अकराशे वर्षांची आहे.

आम्हाला मे महिन्यातच सुट्टी मिळते. मे चांगला का?

चांगला आहे, आणि जेवढा मानला जातो त्याहून अधिक चांगला आहे. मे आणि जून हे रेक्याविकच्या बाजूला वर्षातले तुलनेने कोरडे महिने आहेत. मेच्या आरंभी दिवस सुमारे सतरा तासांचा असतो आणि अखेरीस वीस तासांचा होतो. तापमान साधारण तीन ते दहा अंशांत राहते. डोंगरावरचा बर्फ वितळत असल्याने धबधबे भरून वाहतात, शेतांत नुकती जन्मलेली कोकरे दिसतात, पफिन पक्षी कड्यांवर परतलेले असतात आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून सुरू झालेली नसते.

उणीव एकच, पण ती स्पष्ट माहीत असावी: देशाचा मधला उंच भाग, ज्याला हायलँड्स म्हणतात, तो मेमध्ये पूर्ण बंद असतो. रंगीत डोंगरांची जी छायाचित्रे आपण पाहतो ती बहुतेक लांडमानालौगारची असतात आणि तिथे साध्या प्रवाशाला मेमध्ये पोहोचता येत नाही. शिवाय गवत अजून पिवळट असते. हिरवागार देश जूनच्या मध्यानंतर दिसतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार असेल तर मेच्या शेवटच्या दहा दिवसांत जाणे हा उत्तम मध्य आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर?

ऑक्टोबरच्या अखेरीस ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात साडेसात ते नऊ तासांचा उजेड मिळतो. दक्षिण किनाऱ्याची चार-पाच दिवसांची सहल करायला तेवढा पुरतो आणि रात्र लांब असल्याने नॉर्दर्न लाइट्सची, म्हणजे रात्रीच्या आकाशात लहरणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाची, संधीही राहते. मात्र हा काळ पावसाळी आणि वादळी आहे. अटलांटिकवरून एकामागून एक कमी दाबाचे पट्टे येत राहतात आणि त्यांतील प्रत्येक पट्टा एखादा दिवस तरी खातो. म्हणून दिवाळीत गेल्यास संपूर्ण देशाला फेरी मारण्याचा विचार मनात आणू नये. रेक्याविक, गोल्डन सर्कल (थिंगवेलिर, गेसिरचे गरम पाण्याचे फवारे आणि गुलफॉस धबधबा यांची फेरी) आणि वीक गावापर्यंतचा किनारा एवढेच ठरवावे. योकुलसारलोन हे हिमनगांचे सरोवर रेक्याविकपासून सुमारे ३७० किलोमीटरवर आहे. तिथे जायचे असेल तर वाटेत मुक्काम करावा, एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये.

नाताळ आणि नववर्षाचे काय?

जे शहरात राहून सण पाहायला जातात त्यांच्यासाठी हा सुंदर काळ आहे. खिडक्याखिडक्यांत दिवे असतात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री रेक्याविकमधील घराघरांतून शोभेची दारू उडवली जाते. ज्यांना निसर्ग पाहायचा आहे त्यांनी मात्र चार तासांच्या उजेडाचा हिशेब पुन्हा करावा. २४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून २५ च्या अखेरपर्यंत दुकाने आणि बरीच उपाहारगृहे बंद असतात, म्हणून खाण्याची तजवीज आधी करावी लागते. हिवाळाच अनुभवायचा असेल आणि तारखा हातात असतील, तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा बर्फ असतो, रात्र पुरेशी काळी असते आणि दिवस दहा-बारा तासांचा झालेला असतो.

नॉर्दर्न लाइट्स नक्की कधी दिसतात?

सप्टेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्यातही तो प्रकाश आकाशात असतो, पण उजेडामुळे दिसत नाही. जुलैच्या सहलीत नॉर्दर्न लाइट्स दाखवण्याचे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दिसण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: अंधार, निरभ्र आकाश आणि सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांची पुरेशी हालचाल. प्रवासी तिसऱ्या गोष्टीचे आकडे पाहत बसतात, पण आइसलँडमध्ये बहुतेक वेळा घोडे पेंड खाते ते ढगांपाशी. तिथल्या हवामान संस्थेच्या, म्हणजे वेदुरस्तोफाच्या संकेतस्थळावर ढगांचा नकाशा असतो. त्यात हिरवा भाग ढगाळ आणि पांढरा भाग मोकळा असतो. संध्याकाळी तो नकाशा उघडून पांढरा भाग कुठे सरकतो आहे ते पाहावे आणि रस्ता सुरक्षित असेल तरच त्या दिशेने निघावे. सप्टेंबर आणि मार्च हे विषुवदिनांचे महिने या दृष्टीने विशेष चांगले मानले जातात, आणि सप्टेंबरमध्ये रस्तेही बर्फाविना असतात.

अपेक्षेबद्दलही सांगायला हवे. मंद प्रकाश डोळ्यांना राखाडी-पांढऱ्या ढगासारखा दिसतो आणि कॅमेऱ्यात तोच हिरवा येतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दहा मिनिटे मला तो पातळ ढगच वाटला. मग त्या ढगाची कड एकदम हलली, वाऱ्यावर वाळत घातलेल्या धुतलेल्या पातळासारखी लहरत गेली आणि तिच्या खालच्या काठावर गुलाबी रेघ उमटली. अशा रात्रीसाठी किमान चार-पाच रात्री हाताशी ठेवाव्यात. दोन रात्रींच्या सहलीत तो दिसला तर भाग्य समजावे.

पफिन, देवमासे आणि फुलांसाठी कोणता काळ?

पफिन एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत कड्यांवर असतात आणि नंतर समुद्रात निघून जातात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गेलेल्या कित्येकांची यामुळे निराशा होते. वेस्टमन बेटांवर मात्र याच सुमारास वेगळेच काही पाहायला मिळते. घरट्यातून प्रथमच बाहेर पडलेली पिले गावातील दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरतात आणि गावातली मुले रात्री खोके घेऊन ती गोळा करतात व सकाळी समुद्रावर सोडतात. देवमाशांसाठी उत्तरेकडील हुसाविक गावातून उन्हाळ्यात बोटी निघतात. निळ्या-जांभळ्या लुपिनची पठारे जूनमध्ये आणि जुलैच्या आरंभी फुलतात. मेंढ्या डोंगरावरून खाली आणण्याचा सोहळा, ज्याला रेत्तिर म्हणतात, सप्टेंबरमध्ये असतो.

हायलँड्सचे रस्ते कधी उघडतात?

रस्त्याच्या क्रमांकाआधी एफ हे अक्षर असेल तर तो डोंगरी रस्ता समजावा. हे रस्ते साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत एकेक करून उघडतात आणि सप्टेंबरमध्ये किंवा पहिल्या मोठ्या बर्फाबरोबर बंद होतात. ठरलेली तारीख नसते. बर्फ किती वितळला आणि जमीन किती वाळली त्यावर रस्ते विभाग निर्णय घेतो. या रस्त्यांवर चारही चाकांना जोर मिळणारी गाडी बंधनकारक आहे आणि अनेक ठिकाणी पूल नसल्याने नदीतून गाडी काढावी लागते. पाण्यात झालेले नुकसान भाड्याच्या गाडीचा विमा सहसा भरून देत नाही. नदी ओलांडण्याचा अनुभव नसेल तर उन्हाळ्यात चालणारी उंच चाकांची बस घ्यावी. लांडमानालौगार ते थोर्समोर्क ही सुमारे ५५ किलोमीटरची पायवाटही याच काळात मोकळी असते. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्यांना ती चालायला जड जाणार नाही, मात्र वाटेवरच्या झोपड्यांतील जागा कित्येक महिने आधी राखावी लागते.

वाऱ्याबद्दल एवढे का सांगितले जाते?

कारण बहुतेकांच्या सहली बिघडतात त्या थंडीने नव्हे, वाऱ्याने. तिथल्या अंदाजात वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद या मापात असतो. त्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. १० म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, २० म्हणजे ताशी ७२. १५ च्या पुढे कॅम्परव्हॅनसारखी उंच गाडी चालवू नये आणि २० च्या पुढे साध्या गाडीनेही प्रवास टाळावा. हे सरासरी वेग झाले. डोंगराच्या पायथ्याशी झोत त्याच्या दीडपट किंवा दुप्पट येतात. दक्षिणेकडे एयाफ्यालायोकुल या ज्वालामुखीच्या कुशीतून जाणारा रस्ता आणि रेक्याविकच्या उत्तरेला हाफनारफ्याल डोंगराखालचा पट्टा अशा झोतांसाठी प्रसिद्ध आहेत.

गाडीचे दार ही अगदी साधी गोष्ट घ्या. वाऱ्याकडे पाठ करून गाडी लावली आणि दार नेहमीसारखे एका हाताने उघडले, तर ते हातातून सुटते, पुढच्या बाजूला उलटते आणि बिजागरीजवळचा पत्रा वाकतो. हे नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही. त्यामुळे गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावावी, काच दोन बोटे खाली करून हवा कशी आहे ते पाहावे आणि दार दोन्ही हातांनी धरून सावकाश उघडावे. मागे बसलेल्या मुलांना दार स्वतः उघडू देऊ नये. गाडीतल्या सर्वांना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

काळ्या वाळूच्या सपाट मैदानांवर जोराचा वारा सुटला की वाळूचे वादळ होते आणि गाडीचा रंग खरवडला जातो. त्यासाठीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. वसंतात वीकच्या पूर्वेला जाणार असाल तर तो घेतलेला बरा.

हवामानाचा अंदाज कुठे आणि कसा पाहावा?

तीन संकेतस्थळे पुरेशी आहेत. हवामानासाठी वेदुर डॉट आयएस, रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस आणि सुरक्षिततेच्या सूचनांसाठी सेफट्रॅव्हल डॉट आयएस. तिन्ही इंग्रजीतही आहेत. फोनवर येणारा साधा अंदाज पुरेसा नाही, कारण तो शहराचा असतो आणि तुमचा रस्ता डोंगरातून जाणार असतो. रस्त्यांची माहिती १७७७ या क्रमांकावरही मिळते. इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा तीन रंगांचे असतात. पिवळ्यात वेळ आणि मार्ग बदलता येतो का ते पाहावे, नारिंगीत मुक्काम सोडू नये आणि लाल इशारा असेल तर घराबाहेरच पडू नये.

सकाळी नाश्त्याच्या वेळी आणि दुपारी निघण्यापूर्वी असे दोनदा पाहण्याची सवय लावावी. पाच दिवसांपलीकडच्या अंदाजावर काहीही ठरवू नये. आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक आहे. डोंगरात अडकलेल्यांना काढायला येणाऱ्या बचाव पथकांत सगळे स्वयंसेवक असतात, आपली नोकरी आणि जेवणाचे ताट सोडून आलेले. बंद रस्त्यावर मुद्दाम शिरून त्यांना वादळात बाहेर काढणे अत्यंत चुकीचे आहे.

हिवाळ्यात स्वतः गाडी चालवावी का?

बर्फावर गाडी चालवण्याचा अनुभव नसेल तर नोव्हेंबर ते मार्च या काळात चालवू नये, असेच मी प्रत्येकाला सांगते. पुणे-मुंबई घाटात वीस वर्षे गाडी चालवल्याचा इथे उपयोग होत नाही. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा पातळ थर असतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो आणि ब्रेक दाबल्यावरच कळतो. त्यात वाहतूक उजव्या बाजूने, दुपारी चारला अंधार आणि मधेच एका गाडीपुरते अरुंद पूल. रेक्याविकमधून निघणाऱ्या दिवसाच्या बससहली चांगल्या असतात आणि त्यांचे चालक रोज तोच रस्ता पाहत असतात.

तरीही चालवायचे ठरवले तर खिळे असलेले टायर मागावेत. १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल या काळात त्यांना परवानगी असते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्यासोबत ठेवावा. दिवे दिवसाही सुरू ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. डांबरी रस्त्यावर ९० आणि खडीच्या रस्त्यावर ८० ही कमाल मर्यादा आहे. ती चांगल्या हवेसाठी आहे, बर्फात तिच्या जवळपासही जाऊ नये. रस्त्याबाहेर गाडी उतरवणे वर्षभर बेकायदा आहे, कारण तिथले शेवाळ एकदा चिरडले की भरून यायला कित्येक दशके लागतात.

रिंग रोडला किती दिवस लागतात?

देशाला वळसा घालणारा हा मार्ग तेराशे किलोमीटरहून थोडा अधिक आहे. उन्हाळ्यात सात दिवसांत तो होतो, पण निम्मा वेळ गाडीत जातो. दहा दिवस ठेवले तर उत्तरेकडील आकुरेरी आणि मिवात्न सरोवरापाशी निवांत थांबता येते. दहातला एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवावा. त्या दिवसाचे काय करायचे ते ठरवू नये, हवामान ते ठरवील.

वीक गावात एकदा आमचा पूर्वेकडचा रस्ता सकाळी बंद झाला. आडवा दांडा खाली आला आणि पन्नासेक गाड्या पेट्रोल पंपापाशी थांबल्या. एक कुटुंब त्याच संध्याकाळचे हिमनदीवरचे आरक्षण हातात धरून रडकुंडीला आले होते. शेजारच्या टेबलावर एक स्थानिक आजोबा तीन वाट्या सूप पिऊन झाल्यावर शांतपणे विणकाम पाहत बसले होते. रस्ता दुसऱ्या दिवशी अकराला उघडला. आमच्या हाती रिकामा दिवस होता म्हणून पुढचे सगळे बिनबोभाट पार पडले.

कपडे कोणते न्यावेत?

एक जाड कोट नेण्यापेक्षा थर न्यावेत. अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर आणि सर्वांत बाहेर पाणी व वारा दोन्ही अडवणारे जाकीट. सुती कपडे आणि जीन्स टाळावेत. ते एकदा भिजले की दिवसभर ओले राहतात आणि अंगातली ऊब ओढून घेतात. सर्वांत जास्त विसरली जाते ती पाणी न शोषणारी पँट, आणि सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या मागून चालत जाताना तिचीच आठवण येते. हातमोज्यांच्या दोन जोड्या, कान झाकणारी टोपी आणि घोट्यापर्यंतचे बूट जुलैमध्येही लागतात. हिवाळ्यात बुटांखाली ताणून बसवायचे काटे न्यावेत.

छत्री घरी ठेवावी. रेक्याविकमध्ये वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईत एकट्या जुलै महिन्यात पडतो तेवढाच, पण तो वरून न येता बाजूने येतो आणि छत्री पहिल्या झोतात उलटी होते. उन्हाळ्यात झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी, नाहीतर मुले रात्री अकराला खेळायला मागतात. पोहण्याचे कपडे मात्र बाराही महिने.

दिवसभर पाऊस किंवा वादळ असेल तर काय करावे?

आइसलँडी भाषेत ग्लुग्गावेदुर असा शब्द आहे. त्याचा अर्थ खिडकीतून पाहण्याजोगे हवामान. अशा दिवशी सार्वजनिक जलतरण तलावावर जावे. बहुतेक गावांत भूगर्भातील उष्णतेवर तापवलेला उघडा तलाव असतो आणि त्याशेजारी ३८ ते ४२ अंशांची लहान कुंडे असतात. डोक्यावर गारा पडत आहेत, केसांची टोके गोठून कडक झाली आहेत आणि गळ्यापर्यंत कढत पाणी आहे, हा अनुभव कोणत्याही प्रसिद्ध ठिकाणाच्या तोडीचा आहे. तलावात उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने अंघोळ करणे सक्तीचे आहे. आपल्याकडच्यांना त्याचा संकोच वाटतो, पण पाण्यात औषध कमी घालता यावे म्हणून तो नियम आहे आणि तो पाळावाच.

ज्वालामुखीमुळे सहल अडचणीत येते का?

रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे आठशे वर्षांच्या शांततेनंतर २०२१ मध्ये उद्रेक सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक गाव रिकामे करावे लागले आणि त्यानंतर जवळच अनेक उद्रेक झाले. हे उद्रेक जमिनीच्या भेगेतून लाव्हा वाहण्याचे आहेत. त्यांत राख फार नसल्याने देशाचा मुख्य, केप्लाविक विमानतळ सहसा सुरू राहतो. एप्रिल २०१० मध्ये एयाफ्यालायोकुलने युरोपची विमाने थांबवली ती राखेमुळे. इथे हवामानाचा संबंध येतो तो वायूंपुरता. वारा ज्या दिशेला असेल तिकडे गंधकयुक्त धूर जातो, म्हणून दमा असलेल्यांनी रोजचा अंदाज पाहावा.

वयस्कर आईवडिलांना नेत आहोत. कोणता काळ ठीक?

जून किंवा ऑगस्टचा पूर्वार्ध. पायाखाली बर्फ नसतो आणि घाई करावी लागत नाही. थिंगवेलिर, गेसिर आणि गुलफॉस या तिन्ही ठिकाणी गाडी जवळपर्यंत जाते. हिवाळ्यात नेणार असाल तर मुक्काम रेक्याविकमध्येच ठेवावा, तिथल्या मध्यवर्ती भागातील काही पदपथांखाली गरम पाणी खेळवलेले असल्याने ते बर्फमुक्त राहतात. रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर मात्र कोणत्याही ऋतूत आणि कोणत्याही वयात पाण्याकडे पाठ करू नये. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट आत येते आणि तिने जीव घेतले आहेत. तिथे लावलेला इशाऱ्याचा दिवा पाहूनच पुढे जावे.

सोबत कोरडा खाऊ जरूर न्यावा, वादळाच्या दिवशी भडंग आणि शेंगदाण्याच्या चटणीची किंमत कळते. मात्र पेढे, तूप असे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेण्यास मनाई आहे.

आरक्षण आणि व्हिसा किती आधी करावा?

जून ते ऑगस्टसाठी राहण्याची जागा आणि गाडी सहा महिने आधी ठरवावी, विशेषतः दक्षिण किनाऱ्यावर योकुलसारलोनच्या आसपास, जिथे हॉटेले मोजकीच आहेत. आइसलँड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. लंडनमार्गे जाणार असाल तर ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम वेगळे पाहावेत. मुक्काम शक्यतो विनामूल्य रद्द करता येणारे घ्यावेत. चार पैसे जास्त जातात, पण रस्ता बंद झाला तर तेच वाचतात.

परतीचा दिवस कसा ठेवावा?

शेवटची रात्र रेक्याविकमध्ये किंवा केप्लाविकजवळ काढावी. दोघांत सुमारे ५० किलोमीटरचे अंतर आहे आणि वादळात तो रस्ताही बंद होऊ शकतो. हिवाळ्यात पुढच्या विमानासाठी युरोपातील शहरात निदान एक रात्र थांबावे, दोन तासांच्या अंतराने वेगवेगळी तिकिटे काढू नयेत. आइसलँडचे घड्याळ वर्षभर एकच असते आणि भारत त्याच्या साडेपाच तास पुढे असतो, म्हणून घरच्यांना उतरण्याची वेळ सांगताना तेवढी भर घालावी.